बिघडलेल्या बॅचने वाचवलं: रबाळ्यातल्या दोन ड्रमचं प्रकरण

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बॅचचा एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारी चाचणी) रिपोर्ट हातात आला आणि मुख्य पीकच्या, म्हणजे आलेखावरच्या उंचवट्याच्या, आधी, ६.८ मिनिटांवर, एक आगंतुक पीक उभा होता. एरवी तिथे ०.०५ टक्क्याच्या आसपास काहीतरी किरकोळ दिसतं. या वेळी १.२ टक्के. आमची मर्यादा ०.५. दहा किलो माल, आठवडाभराची मेहनत आणि वर ‘फेल’चा शिक्का.

मी रबाळ्याच्या एमआयडीसीत एका लहान युनिटच्या प्रयोगशाळेत काम करते. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी, रबाळे स्टेशन, पुढे शेअर रिक्षा. औषधकंपन्यांना लागणारी मधल्या टप्प्यावरची रसायनं आम्ही बनवतो. हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवते आहे, कारण त्यात जे घडता घडता राहिलं ते इथर वापरणाऱ्या कुठल्याही लहान कारखान्यात घडू शकतं. आणि त्यामागचं बरंचसं रसायनशास्त्र आपण बारावीपर्यंत शिकलेलं असतो.

आमच्या रेणूत दोन कार्बनांच्या मध्ये गंधकाचा एक अणू आहे. त्या जागी ऑक्सिजन असता तर रेणू इथर झाला असता. गंधक आहे म्हणून तो थायोइथर. शेवटच्या पायरीत कच्चा माल १०० लिटर टेट्राहायड्रोफ्युरानमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या टीएचएफमध्ये (हा आमचा द्रावक, आणि तोही एक इथरच), विरघळवतात. मीठ गाळून काढतात, मग रिॲक्टरमध्ये हळूहळू टीएचएफ उडवून माल घट्ट करतात. आठ-नऊ तास चालणारं काम.

बॅच फेल झाली की संशय आधी माणसावर जातो. रात्रपाळीच्या ऑपरेटरने तापमान वाढवलं असेल, असं प्रॉडक्शनच्या सरांचं म्हणणं. लॉगशीटमध्ये तापमान कुठेही ६८ अंशांच्या वर गेलेलं नव्हतं. मग कच्च्या मालावर घसरलो: नवीन लॉट होता, पण त्याच लॉटची छोटी प्रयोगशाळेतली बॅच मी स्वतः केली, ती स्वच्छ निघाली. एचपीएलसीचा कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी नळी, बदलून पाहिला. तेच. शेवटी नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत वस्तुमान मोजायला पाठवला. उत्तर आलं: आगंतुक रेणू आमच्या रेणूपेक्षा १६ ने जड आहे.

१६ म्हणजे ऑक्सिजनचा एक अणू. तो कुठे बसला असेल हे ओळखायला फार डोकं लागत नाही, कारण आमच्या रेणूत ऑक्सिजनला सगळ्यात आवडती जागा गंधकाची. थायोइथरचा सल्फॉक्साइड झाला होता. सल्फॉक्साइड जास्त ध्रुवीय असतो, म्हणून कॉलममधून आधी बाहेर पडतो, ६.८ मिनिटांचंही कोडं सुटलं. प्रश्न एवढाच उरला की ऑक्सिजन दिला कोणी. नुसत्या हवेने थायोइथर असा सहजासहजी ऑक्सिडाइज होत नाही, आणि आमच्या प्रक्रियेत ऑक्सिडायझर म्हणून काहीच वापरलं जात नाही.

माझ्या छोट्या बॅचमध्ये आणि प्लांटच्या बॅचमध्ये एकच फरक होता, आणि तो माझ्या लक्षात आला नाही. आमच्याकडे तेव्हा एक ट्रेनी होता, मुरबाडकडचा, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला. त्याने विचारलं, “मॅडम, तुम्ही टीएचएफ नव्या बाटलीतला घेतला होता ना? प्लांटला रिकव्हर्ड दिलाय.” रिकव्हर्ड म्हणजे आधी वापरून परत मिळवलेला.

मी म्हणाले, “हो, पण त्याचा जीसी ९९.८ आहे. आणि टीएचएफ काय करणार? तो तर नुसता सॉल्व्हंट.” (जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफी, शुद्धतेची चाचणी.)

“पुस्तकात पण तेच लिहिलंय,” तो म्हणाला. “इथर काही करत नाही.”

त्याचं ते वाक्य मला दिवसभर बोचत राहिलं, कारण ते माझंच मत होतं आणि ते अर्धवट होतं.

इथर ‘काही करत नाही’ म्हणजे काय

दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांच्या धड्यात क्रियात्मक गटांचा तक्ता येतो. अल्कोहोल, अल्डिहाइड, कीटोन, कार्बोक्झिलिक आम्ल, आणि त्यांच्यासोबत इथर: दोन्ही बाजूंना कार्बन, मधे ऑक्सिजन. हायड्रोजन आणि कार्बनच्या साखळीत एक ऑक्सिजन कसा गुंफला आहे, यावर संयुगाचा स्वभाव ठरतो, हे त्या तक्त्याचं सार आहे. चार कार्बन, दहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन घ्या. ऑक्सिजन टोकाला ठेवून त्याला हायड्रोजन जोडला तर ब्युटेनॉल हे अल्कोहोल होतं, ते ११८ अंशांच्या आसपास उकळतं. तोच ऑक्सिजन मधोमध ठेवला तर डायइथिल इथर होतो आणि तो ३५ अंशांना उकळतो. अणू तेच, वजन तेच, फरक ८० अंशांहून जास्त. अल्कोहोलचे रेणू हायड्रोजन बंधाने एकमेकांचे हात धरून असतात; इथरच्या ऑक्सिजनपाशी धरायला हायड्रोजनच नाही. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये डायइथिल इथरची बाटली नुसती उघडी ठेवली तरी तो उकळायच्या बेताला येतो.

गंमत अशी की पाण्यात विरघळण्याच्या बाबतीत ही दोघं जवळपास सारखी आहेत. कारण पाणी आपला हायड्रोजन पुढे करतं आणि इथरचा ऑक्सिजन तो धरू शकतो. टीएचएफमध्ये चार कार्बन आणि ऑक्सिजन मिळून पाच अणूंचं कडं झालेलं आहे. कार्बनच्या साखळ्या मागे बांधल्या गेल्यामुळे ऑक्सिजन पुढे उघडा पडतो, आणि म्हणून टीएचएफ पाण्यात कितीही मिसळतो. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, कारण मुलाखतीला येणारी मुलं तिथे हमखास अडखळतात. कार्बन-ऑक्सिजन-कार्बन दिसलं की लगेच इथर म्हणायचं नाही. शेजारच्या कार्बनवर दुहेरी बंधाचा ऑक्सिजन असेल तर ते एस्टर. साखरेत दोन कड्यांना जोडणारा ऑक्सिजनही तसाच दिसतो, पण तिथल्या कार्बनवर दुसराही ऑक्सिजन आहे, म्हणून ते अ‍ॅसिटाल, आणि आम्लात ते सहज तुटतं. खरा इथर तसा तुटत नाही. बडीशेपेचा वास देणारं अ‍ॅनेथॉल मात्र खरा इथर आहे, आणि लवंगेतल्या युजेनॉलमध्येही फिनॉलच्या शेजारी इथरचा गट आहे.

इथरची ही रचना नक्की कशी, याचा निकाल अलेक्झांडर विल्यमसनने १८५० मध्ये लावला. अल्कोहोलच्या पोटॅशियम क्षारावर त्याने इथिल आयोडाइडची क्रिया केली. त्याला मोठं अल्कोहोल मिळेल असं वाटत होतं. मिळाला साधा इथर. त्यातून त्याने दाखवलं की एका ऑक्सिजनच्या दोन बाजूंना दोन इथिल गट आहेत. आमचा थायोइथर आजही त्याच वाटेने बनतो, फक्त अल्कोहोलच्या जागी थायॉल, म्हणजे ऑक्सिजनऐवजी गंधक असलेला त्याचा भाऊ, घ्यायचा.

तर इथर आळशी आहे, हे खरं. अल्कली त्याला हलवत नाही, सोडियम धातू त्याच्यात बुडवून ठेवता येतो, मॅग्नेशियम असलेल्या ग्रिन्यार्ड अभिकर्मकासारखी तापट वस्तू त्याच्यात निमूट राहते, उलट इथरचा ऑक्सिजन मॅग्नेशियमला धरून तिला आधार देतो. तीन अणूंच्या कड्यातले इपॉक्साइड हा अपवाद. त्यांच्यात ताण इतका की ते कशावरही तुटून पडतात. पण हा सगळा आळशीपणा ऑक्सिजनचा आहे. शेजारच्या कार्बनबद्दल कोणी काही बोलत नाही.

शेजारचा कार्बन

ऑक्सिजनला लागून असलेल्या कार्बनवर जो हायड्रोजन असतो, तो इतर हायड्रोजनपेक्षा सैल असतो. तो निघाला की मागे राहणाऱ्या एकट्या इलेक्ट्रॉनला शेजारचा ऑक्सिजन आधार देतो. उजेड, ऊब, जुना धातूचा गंज, कशानेही असा एखादा हायड्रोजन निघतो. हवेतला प्राणवायू स्वतः दोन एकटे इलेक्ट्रॉन घेऊन फिरत असतो. तो त्या कार्बनला येऊन चिकटतो. तयार झालेला मूलक (एकटा इलेक्ट्रॉन असलेला रेणू) शेजारच्या इथर रेणूचा हायड्रोजन ओढून स्वतः हायड्रोपेरॉक्साइड, म्हणजे दोन ऑक्सिजन एकमेकांना जोडलेलं पेरॉक्साइड, होऊन बसतो. आता शेजारी उघडा पडला. पुन्हा प्राणवायू, पुन्हा पुढचा शेजारी.

दिवाळीच्या चकल्या संक्रांतीला खवट लागतात, त्यामागे अगदी हीच साखळी आहे. तेलात दुहेरी बंधाशेजारचा हायड्रोजन सैल असतो, इथरमध्ये ऑक्सिजनशेजारचा. चकली खवट झाली की नाकाला कळतं. टीएचएफमध्ये पेरॉक्साइड झालं तर तो तसाच पाण्यासारखा दिसतो, तसाच वास येतो.

ही साखळी तोडायला विकतच्या टीएचएफमध्ये बीएचटी नावाचं रसायन घालतात, साधारण २५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत २५०. बीएचटी आपला हायड्रोजन मूलकाला देऊन टाकतं आणि स्वतः शांत बसतं. पाकीटबंद तेलकट खाद्यपदार्थांतही तेच अँटिऑक्सिडंट म्हणून वापरतात. आता आमच्या चुकीचं मूळ सांगते. टीएचएफ ६६ अंशांना उकळतो आणि बीएचटी २६५ अंशांच्या आसपास. टीएचएफ ऊर्ध्वपातनाने परत मिळवला की तो स्वच्छ होऊन वर येतो आणि बीएचटी तळाशी राहतं. आम्ही जानेवारीत २०० लिटरचे दोन ड्रम रिकव्हर केले, झाकणं लावली आणि शेडमध्ये ठेवून दिले. पाच महिने, त्यातला एप्रिल-मे पत्र्याखाली. मधूनमधून पहिल्या ड्रमाचं झाकण उघडलं, दर वेळी आत नवी हवा गेली. आम्ही इतकं शुद्ध केलं की राखणदारच काढून टाकला.

आणि तो ९९.८ टक्क्यांचा जीसी? जीसीच्या गरम इंजेक्टरमध्ये हायड्रोपेरॉक्साइड टिकत नाही, त्याचे तुकडे होतात. रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला तर टीएचएफच्या बऱ्याच नंतर ०.०७ टक्क्याचा एक पीक होता. जानेवारीच्या रिपोर्टमध्ये तो नव्हता. स्टँडर्ड लावून पाहिलं, गॅमा-ब्युटिरोलॅक्टोन निघालं. टीएचएफचं ऑक्सिडेशन झाल्याची ती सरळ खूण. मर्यादेत बसतोय म्हणून त्या रिपोर्टवर सही मी केली होती.

पट्टी आणि ब्युरेट

पेरॉक्साइडच्या पट्ट्यांची डबी आमच्याकडे होती, कधी उघडलेलीच नव्हती. मी ट्रेनीला जवळ बोलावलं. पट्टी टीएचएफमध्ये बुडवली, द्रावक उडून जाऊ दिला, मग पट्टीच्या टोकावर पाण्याचा एक थेंब टाकला. सेंद्रिय द्रावकासाठी हे पाणी विसरलं तर पट्टी खोटं बोलते. क्रियेला ओल लागते. दोन-तीन सेकंदांत टोक निळं झालं आणि निळ्याचं जवळजवळ काळं. पट्टीवरचा शेवटचा रंग १०० मिलिग्रॅम प्रति लिटरचा. आमचं त्याच्याही पलीकडे. पोरगा पट्टीकडे बघत राहिला.

मग आकडा काढला. २५ मिलिलिटर टीएचएफ, त्यात ॲसिटिक आम्ल आणि पोटॅशियम आयोडाइड, थोडा वेळ अंधारात. पेरॉक्साइडने मोकळ्या केलेल्या आयोडिनने द्रावण दाट तपकिरी झालं. ०.०१ नॉर्मल थायोसल्फेट घालत गेलो. रंग जायला २२ मिलिलिटर लागले. हिशोब केला: हायड्रोजन पेरॉक्साइडच्या मापात सुमारे १५० मिलिग्रॅम प्रति लिटर. न उघडलेल्या दुसऱ्या ड्रमात १२० निघाले, म्हणजे झाकणातून आणि वरच्या रिकाम्या जागेतून मिळाली तेवढी हवाही पुरली होती.

आता बॅचकडे वळू. १०० लिटरमध्ये १५ ग्रॅम, म्हणजे ०.४४ मोल (रेणूंची संख्या मोजायचं एकक) पेरॉक्साइड. आमचा दहा किलो माल सुमारे ३२ मोल. सगळं पेरॉक्साइड गंधकावर खर्च झालं तर सल्फॉक्साइड १.४ टक्के व्हायला हवं. एचपीएलसीने दाखवले १.२. इतका जुळणारा हिशोब तपासात क्वचित हाती लागतो.

तो आकडा फळ्यावर लिहिला आणि मला घाम फुटला.

टीएचएफ उडवताना पेरॉक्साइड उडत नाही. ते मागे राहतं, दर लिटरमागे दाट होत जातं. प्लांटमध्ये आठ-नऊ तास गरम रिॲक्टरमध्ये १०० लिटरचं पेरॉक्साइड तळाशी जमत होतं, आणि काही झालं नाही, कारण आमचा थायोइथर ते खात होता. फेल झालेली बॅच म्हणजे विझलेली वात होती.

पण शनिवारी त्याच दोन ड्रममधला उरलेला ३०० लिटर टीएचएफ पुन्हा रिकव्हरीला लावायचं ठरलं होतं. थोडं पाणी वाढलं होतं म्हणून. त्यात थायोइथर नव्हता. आणि आमच्याकडची रीत अशी की महागाचा सॉल्व्हंट, म्हणून बूड कोरडं होईपर्यंत ओढायचं. उरलेल्या ३०० लिटरमध्ये टीएचएफच्या हायड्रोपेरॉक्साइडच्या मापात जवळपास १२० ग्रॅम ऐवज होता. तो गरम केटलच्या तळाशी, जवळजवळ कोरडा, आणि बाजूला वाल्व्ह फिरवणारे आमचे काका. पेरॉक्साइडचा नुसता स्फोट नसतो. वर टीएचएफची वाफ भरलेली असते.

मी खाली गेले तेव्हा गुरुवारची संध्याकाळ होती. ड्रमवर लाल टेप लावला, स्टोअरच्या काकांना सांगितलं की याला कोणी हात लावायचा नाही, गरम तर मुळीच करायचं नाही. त्यांनी विचारलं, “वास तर बरा येतोय की, ताई?” मी त्यांना वापरलेली पट्टी दाखवली.

पुढे काय केलं

खडे दिसले असते, झाकणाभोवती किंवा तळाशी, तर आम्ही ड्रम हलवलाही नसता. ते काम तज्ज्ञ पथकाचं. डायआयसोप्रोपिल इथरच्या जुन्या बाटलीत असे खडे होतात आणि नुसतं झाकण फिरवल्याने माणसं जखमी झाल्याची उदाहरणं जगभर आहेत. आमच्या ड्रममध्ये खडे नव्हते, द्रव पातळ होता, प्रमाण १५०च्या आसपास होतं. म्हणून थंडपणे, गरम न करता, हिराकसाने ते मारायचं ठरवलं. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. त्याचं लोह पेरॉक्साइडला इलेक्ट्रॉन देऊन मोडून टाकतं आणि स्वतः पिवळट-तपकिरी होतं. डायइथिल इथर असता तर हिराकसाचं पाणी खाली वेगळा थर करून बसलं असतं आणि इथर वरून काढून घेता आला असता. टीएचएफ पाण्यात मिसळतो, तेव्हा तसं शक्य नव्हतं. थोड्या थोड्या भागात, भरपूर पाणी घालून, गंधकाम्लाचे काही थेंब टाकलेलं हिराकसाचं द्रावण ढवळत घातलं. पट्टी पांढरी आल्यावर सगळं मिश्रण तळोज्याच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात पाठवलं. ३०० लिटर टीएचएफ वाया गेला, त्यावर वरच्या मजल्यावर बराच वाद झाला. मला तो वाद अजिबात पटला नाही, आणि तसं मी लेखी दिलं.

तपास अहवालात आधी ‘मानवी चूक’ असं लिहायला सांगितलं होतं. रात्रपाळीचा माणूस तिथे सोयीचा होता. मी नकार दिला. आमच्या रिकव्हर्ड टीएचएफच्या तपासणी-पत्रकात पाणी होतं, जीसी होता, रंग होता. पेरॉक्साइडचा रकानाच नव्हता. जो रकानाच नाही तो ऑपरेटर कसा भरणार? शेवटी अहवालात पत्रकातली त्रुटी आणि माझी सही, दोन्ही गेलं.

फेल बॅच दोनदा स्फटिकीकरण करून वाचली, उत्पादन मात्र बरंच घटलं.

सॉल्व्हंट बदलता येईल का, यावरही चर्चा झाली. मिथाइल टर्शरी ब्युटाइल इथर या बाबतीत बरा, कारण त्याच्या एका बाजूच्या कार्बनवर हायड्रोजनच नाही आणि दुसऱ्या बाजूला नुसता मिथाइल. पण आमचा माल त्यात पुरेसा विरघळत नाही. टीएचएफ ठेवला.

आता रिकव्हरी संपली की त्याच पाळीत बीएचटी पडतं. २०० लिटर टीएचएफचं वजन साधारण १७८ किलो, त्याला ४४ ग्रॅम. एवढीशी पांढरी पूड, चहाच्या कपात मावेल इतकी. तेव्हा पहिल्यांदा ती तोलून ट्रेनीने ड्रमात टाकली, वरून नायट्रोजन सोडला आणि मार्करने ड्रमवर तीन तारखा लिहिल्या: रिकव्हर केल्याची, उघडल्याची, पुन्हा तपासायची. ऊर्ध्वपातनाआधी पट्टी लावल्याशिवाय वाफ सोडायची नाही आणि तळाशी निदान पाचवा हिस्सा द्रव राहिलाच पाहिजे, हे केटलच्या शेजारी मराठीत लिहून लावलं आहे.

काही दिवसांनी तोच विचारत होता, “मॅडम, मग आपला थायोइथर पण असाच हवेत पेरॉक्साइड करेल का?” चांगला प्रश्न होता. गंधक आणि ऑक्सिजन एकाच गटातले, पण इथरचा ऑक्सिजन स्वतः आणखी ऑक्सिजन घेऊ शकत नाही, म्हणून भार शेजारच्या कार्बनवर येतो. गंधक स्वतःच पुढे होऊन पेरॉक्साइडकडचा ऑक्सिजन घेतो आणि सल्फॉक्साइडवर थांबतो. त्या जूनमध्ये आमच्या रिॲक्टरमध्ये नेमकं तेच झालं होतं.

सप्टेंबरच्या अखेरीस, गणपतीची सुट्टी संपल्यावर, बीएचटी घातलेल्या त्याच खेपेतल्या ड्रमातून पुढची बॅच घेतली. पट्टीचं टोक पांढरंच राहिलं. ६.८ मिनिटांवर ०.०५ टक्के.